मावशीचा अंगठा

त्या दवाखान्यात दोनच माणसं काम करत. एक दातांच्या डॉक्टर आणि दुसरी मावशी. डॉक्टरांचं नाव खालच्या पाटीवर होतं. मावशीचं कुठंच नव्हतं. तरी लोक म्हणत, "दात दुखतोय? मावशीकडं जा."

चांभाराच्या दुकानावर दोन खोल्या. चढायला चौदा पायऱ्या. पुढच्या खोलीत वाट बघणाऱ्यांच्या चार खुर्च्या, मागच्या खोलीत ती एकच मोठी. तिच्या डाव्या बाजूला मावशी एकतीस वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखर उभी. शेजारी स्टूल होतं, त्यावर ती कापसाचा डबा ठेवी. "बसलं की हात जड होतो," म्हणे.

त्याआधी ती बाटल्या धुण्याच्या कारखान्यात होती. चोविसाव्या वर्षी इथं झाडायला-पुसायला लागली. तेव्हाचे डॉक्टर म्हातारे, चिडके आणि कामाला पक्के. त्यांनी हिला फडकी घड्या घालताना पाहिलं. घडीची कड कडेवर, एक सूतही इकडं तिकडं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातातला झाडू काढून घेतला आणि खुर्चीजवळ उभं केलं. एकच नियम सांगितला: "मी हात पुढं केला आणि वस्तू मागावी लागली, तर तुझं काम अर्धंच झालं."

मावशीनं तो नियम हाडात रुजवला. डॉक्टरांचा हात पुढं यायच्या आत वस्तू तिथं असे. चिमटा, आरसा, कापूस, सगळं न मागता. आणि सगळ्यांत वेगवान काम होतं ते हवेच्या तोटीचं. डाव्या हातात धरायची तोटी, अंगठ्याखाली दोन बटणं. एक दाबलं की पाणी, दुसरं दाबलं की हवा. दात ओला असला तर नीट दिसत नाही. म्हणून डॉक्टर वाकले की मावशीचा अंगठा दाबला जाई. फुस्स. दात कोरडा. मधे विचार नावाची गोष्टच नव्हती.

म्हातारे डॉक्टर गेले. दवाखाना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी घेतला. त्यांनी खुर्ची बदलली, दिवा बदलला, भिंतींचा रंग बदलला. मावशीला हात लावला नाही. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "मावशी, तुमच्यामुळं मला तिसरा हात आहे." मावशीनं मान हलवली. कौतुक तिला ऐकू येई, पण ती पावती देत नसे.

अशा त्या दवाखान्यात लवंगी आली.

हे तिच्या आजोबांनी ठेवलेलं नाव. आठ वर्षांची, काटकुळी आणि तिखट. आईबाप कामावर, म्हणून आजोबा घेऊन आले. आजोबांनी जन्मभर फरश्या बसवल्या होत्या, त्यामुळं गुडघे कामातून गेलेले. चौदा पायऱ्या ते एकेक करत चढले आणि वर येऊन म्हणाले, "पाचवी पायरी अर्धं बोट खाली आहे. कुणी बसवली?"

लवंगीच्या पुढच्या दोन दातांवर पिवळट डाग होते. खरा घोटाळा मागं होता. खालची उजवी दाढ, कायमची, येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि तिचा रंग जुन्या हस्तिदंतासारखा. एक कोपरा ढासळलेला.

"गोळ्या-चॉकलेटं खाते का?" मावशीनं विचारलं.

"खाते. पण तिचा भाऊ दुप्पट खातो, त्याला काही नाही," आजोबा म्हणाले.

डॉक्टरांनी आरसा बाजूला ठेवला. "आजोबा, ही कीड नंतरची. मुळात या दातांचं वरचं कवचच कच्चं आहे. ही तान्ही होती तेव्हा ते हिरडीच्या आत घडत होतं. तेव्हा काहीतरी बिनसलं. नेमकं काय, ते सांगता येत नाही. घासण्याची चूक नाही, कुणाचीच नाही."

"म्हणजे भट्टीतच कच्ची राहिलेली फरशी."

"अगदी तसंच."

"मग ती घासून चकचकीत व्हायची नाही. उलट झिजेल." आजोबा गुडघा चोळत म्हणाले, "हे तिच्या आईला फोनवर सांगाल का? वर्षभर स्वतःला खातेय बिचारी."

डॉक्टरांनी तिथल्या तिथं फोन केला. हे काम पहिल्याच दिवशी झालं. दाढेचं मात्र जमेना.

पहिल्या खेपेला सुई दिली, दाढ भरली. सुईला लवंगीनं हूं की चूं केलं नाही आणि नंतर मात्र ती किंचाळली. पाच आठवड्यांत भरलेलं निघून आलं. दुसऱ्या खेपेला मशीन सुरू व्हायच्या आधीच किंचाळली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांचं बोट चावली आणि खुर्चीवरून उडी मारून थेट जिन्यात.

मावशीनं पोरांच्या दोन जाती पाडल्या होत्या. एक दुखणारी, एक नाटकी. "ही नाटकी," ती म्हणाली. "सुईला गप्प आणि कापसाला बोंब. कधी ऐकलंय?"

डॉक्टर बोटावर पट्टी लावत होत्या. त्यांनी मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी लिहिली. तिथं मुलीला झोपेचं औषध देऊन दाढ काढतील. फोन करून तारीखही घेतली. सात आठवड्यांनंतरची मिळाली.

"दाढ काढण्याइतकी गेलेली नाही, मावशी. हेच खटकतं," त्या म्हणाल्या. "वाचण्यासारखी आहे. पण तोंडच उघडणार नसेल तर मी काय करू? मी हात टेकले."

चिठ्ठी न्यायला आजोबा एकटेच आले. डॉक्टर आत होत्या. मावशीनं चिठ्ठी दिली. आजोबा जायला वळले, मग परत फिरले.

"एक बोलू? राग मानू नका."

"बोला की."

"पोरगी म्हणते डॉक्टर चांगल्या आहेत. सुईचंही तिला काही नाही. ती घाबरते ती तुम्हाला."

"मला?" मावशीचा आवाज चढला. "मी काय केलं? मी तर तिला उणा शब्दही बोलले नाही."

"ती तुम्हाला वाऱ्याची बाई म्हणते. वाऱ्याची बाई नसेल तर तोंड उघडीन, म्हणते. पोराची जात, काहीही बरळतात. पण सांगून टाकलं."

आजोबा एकेक पायरी उतरत गेले. मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. एकतीस वर्षं. शेकडो पोरं. कुणी चावलं, कुणी थुंकलं, पण असं नाव कुणी ठेवलं नव्हतं. दुपारी डॉक्टर जेवायला बसल्या तेव्हा ती मागच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि हवेची तोटी उचलली.

तिच्या स्वतःच्या एका दाढेची हिरडी खाली सरकली होती. गार पाणी तिथं लागे. एरवी ती पाणी दुसऱ्या बाजूनं पीत असे. आज तिनं तोटी त्या दाढेवर रोखली आणि अंगठा दाबला.

फुस्स.

कळ कानातून डोक्यात गेली. डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीचा हात धरून ती उभी राहिली. तिची दाढ जुनी, मुरलेली आणि कवच शाबूत. तिथं ही तऱ्हा. त्या पोरीच्या दाढेला कवच असून नसल्यासारखं. मावशीनं मनाशी हिशेब केला. तीन खेपा. दर खेपेला तीन-चार वेळा तरी. म्हणजे दहा फुंकरी, एका चिडलेल्या नसेवर. आणि त्या दहांतली एकही डॉक्टरांनी मागितली नव्हती.

जेवणाचा डबा उघडा होता तिथंच जाऊन ती म्हणाली, "बाई, ती नाटकी नाही. तिला मी दुखवत होते."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "कच्च्या कवचातून वारं सरळ आत जातं. आतली नस आधीच चिडलेली. चिडलेल्या नसेवर सुईचं औषधही पुरतं चढत नाही. हे सगळं मी पुस्तकात वाचलंय, मावशी. आणि तरी मी तिला भित्री समजत होते."

"पुस्तक तुमचं, अंगठा माझा," मावशी म्हणाली. "तारीख कधीची आहे?"

"सात आठवडे आहेत."

"मग सात आठवडे आहेत."

डॉक्टर हसल्या. मग गंभीर झाल्या. "पण एक लक्षात घ्या. ती परत आली आणि एकदा जरी हवा लागली, तर पुन्हा या पायऱ्या चढायची नाही. मग ती दाढ गेलीच. थांबा, मी ती तोटीच काढून ठेवते."

"तोटी काढाल. सवय कशी काढाल? कापूस मी धरायचा. माझा हात तोटी शोधत भिरभिरला तर कापूस कोण धरणार? आणि थुंकी ओढायची नळीसुद्धा वाराच ओढते. ती मी दाताला खेटून धरते. तीही लांब धरायला शिकलं पाहिजे."

त्याच संध्याकाळी तिनं डाव्या अंगठ्याला चिकटपट्टीचे तीन वेढे घातले. घट्ट. अंगठा वाकेना. दुसऱ्या दिवशी पहिल्याच पेशंटला डॉक्टर वाकल्या आणि अंगठा बटणावर गेला. पट्टीनं त्याला चिमटा काढला. मावशी थांबली. डॉक्टरांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "हवा." मग तिनं बोटानं बटण दाबलं. त्या खोलीत हवा मागून घ्यावी लागली, असं एकतीस वर्षांत पहिल्यांदाच झालं.

पहिल्या दिवशी अंगठा एकोणतीस वेळा गेला. मावशीनं मोजलं होतं. चौथ्या दिवशी अकरा. नवव्या दिवशी दोन.

सुट्टीच्या दिवशी तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. नवरा बसगाड्यांचा मेकॅनिक, निवृत्त झालेला, घरात उगाच नळ खोलून बसणारा.

"आ करा."

"जन्मभर गप्प बसा म्हणालीस. आता आ करू?"

"अहो, करा ना."

एका हातात नळी म्हणून सरबत प्यायची कांडी, दुसऱ्यात चिमटा आणि कापूस. कांडी जिभेच्या मागं, दाढेपासून लांब. कापूस दाढेवर दाबायचा, घासायचा नाही. टिपायचा, उचलायचा, नवा घ्यायचा. नवऱ्याला दोनदा उमासा आला.

"अगं, इंजिनाचं तेलही माणूस इतकं टिपत नाही!"

"म्हणून तुमच्या गाड्या गळत होत्या. आ करा."

चाळीस वेळा केलं. पस्तिसाव्या वेळेनंतर कांडी जागची हलली नाही. तरी पाच वेळा जास्त केलं.

"जबडा उतरला माझा," नवरा म्हणाला.

"उतरू दे. तेवढीच शांतता."

डॉक्टरांनी आजोबांना फोन केला आणि दोन आठवड्यांनी लवंगी आली. आजोबांनी तिला काय सांगून आणलं कोण जाणे. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यात अडली. तिची नजर मावशीच्या हातांवर होती. मावशीनं दोन्ही हात पुढं केले.

"अंगठ्याला काय झालं?" लवंगीनं विचारलं.

"शिक्षा झालीय त्याला."

"का?"

"तुला दुखवलं म्हणून."

लवंगीनं विचार केला. "किती दिवस?"

"तू सोडशील तोवर."

ती आत आली. खुर्चीवर चढली. तोंड लगेच उघडलं नाही, आधी म्हणाली, "वारं कुठाय?" डॉक्टरांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली तोटी दाखवली. मग तोंड उघडलं.

त्या दिवशी सुई नाही, मशीन नाही. कोमट पाण्यात बुडवलेला कापूस दाढेवरून फिरवला. कोरड्या कापसानं टिपलं. नळी जिभेच्या मागं. मग मावशीनं कागदाच्या पॅडवर पूड आणि द्रव एकत्र केले. हे सिमेंट कालवणं म्हणजे तिचा हातखंडा. वीस-पंचवीस सेकंदांत ते लोण्यासारखं चकाकलं पाहिजे आणि चकाकत असतानाच दाढेवर गेलं पाहिजे. चकाकी गेली की माल मेला. डॉक्टरांनी ते दाढेवर पसरलं आणि बोटानं दाबून धरलं. लवंगीच्या मुठी आवळलेल्या होत्या. त्या सुटल्या.

"झालं?" ती म्हणाली.

"आजचं झालं. हे नुसतं पांघरूण आहे. आतली नस रागावलीय, तिला झोपू दे."

आजोबा दारातून म्हणाले, "खालचं ओलं असताना वरचा थर घाई करून चालत नाही. बरोबर आहे."

तीन आठवडे पांघरूण टिकलं. लवंगीनं येऊन सांगितलं की ती आता त्या बाजूनं पाणी पिते. गार नाही, साधं. पण पिते. डॉक्टरांनी मावशीकडं पाहिलं. मावशी चिमटे पुसत होती, जरा जास्तच वेळ.

मग पोलादाची टोपी बसवायचं ठरलं. दाढेचं कच्चं कवच पुन्हा पुन्हा ढासळणार. नुसतं भरून उपयोग नाही, कारण भुसभुशीत कडेला काहीच धरत नाही. सगळी दाढच झाकायची. पण टोपी सरकायला दाढ आणि तिच्या पुढचा दात यांत फट हवी. त्यासाठी डॉक्टरांनी एक छोटी रबराची कडी त्या सांध्यात अडकवली. मागं अजून दात आलेला नव्हता, म्हणून एकाच कडीवर भागलं. पाच दिवस ठेवायची होती. लवंगीनं ती जिभेनं चाचपली, आजोबांना दाखवली, शाळेत दाखवली आणि सांभाळून परत आणली.

टोपीचा दिवस उजाडला. इस्पितळाच्या तारखेला नऊ दिवस उरले होते.

कडी निघाली. फट झाली होती. डॉक्टरांनी चार टोप्या लावून पाहिल्या, पाचवी जमली. मावशीनं कापूस बदलला. नळी जिभेच्या मागं. सगळं सुरळीत चाललेलं. आणि इथंच घात होता होता राहिला.

डॉक्टर शेवटचं बघायला वाकल्या. गालाकडून थुंकीचा थेंब आला. त्यांना ओलं दिसलं. सिमेंट ओल्यावर धरत नाही. त्यांचं सगळं लक्ष दाढेवर, आणि तोंडातून आपसूक निघालं, "हवा."

तोटी हाताच्या अंतरावर खिळ्याला होती. लवंगीचे डोळे मोठे झाले. तिनं जीभ आखडली, तोंड मिटायला लागलं.

मावशी हलली नाही.

डॉक्टरांचा हात पुढं आलेला, रिकामा. म्हाताऱ्या डॉक्टरांचा नियम त्या हातात होता. मावशीनं त्या हाताकडं पाहिलं आणि त्याला काहीही दिलं नाही. तिनं चिमट्यात नवा कापूस धरला, स्वतःच पुढं झुकली आणि थेंब टिपला. मग दुसरा कापूस. मग तिसरा. दाढ कोरडी ठाक.

"हवा नाही," ती म्हणाली. "कोरडं आहे. बघा."

डॉक्टरांनी पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. लवंगीनं मावशीकडं पाहिलं आणि तोंड पुन्हा उघडलं. आधीपेक्षा मोठं.

"कालवा, मावशी."

मावशीनं कालवलं. ताठ अंगठा बाजूला ठेवून, चार बोटांत कालवायची सुरी धरून. चकाकलं. टोपी भरली. डॉक्टरांनी ती दाढेवर ठेवून दाबली, अर्धी गेली आणि अडली.

"आता तुझं काम," मावशी लवंगीला म्हणाली. कापसाची वळी टोपीवर ठेवली. "चाव. डॉक्टरांना चावली होतीस ना, त्याच्या दुप्पट."

लवंगीनं चावलं. गालाचे स्नायू दगडासारखे झाले. टक् आवाज आला. सगळ्यांनी ऐकला, दारातल्या आजोबांनीसुद्धा.

"बसली," ते म्हणाले. "आवाजावरूनच कळतं."

कडेनं आलेलं सिमेंट पुसेपर्यंत पाच मिनिटं लवंगी चावून होती. मग आरशात पाहिलं. "लोखंडाची?"

"पोलादाची," डॉक्टर म्हणाल्या. "काही दिवस तिथं उंच लागेल. मग सवय होईल. आणि पुढच्या डागांचं तू मोठी झालीस की बघू."

"डाग राहू देत. वर्गात पोलाद कुणाकडंच नाही."

"आता फरशी खाल्लीस तरी चालेल," आजोबा म्हणाले. "फक्त मी बसवलेली खाऊ नकोस."

डॉक्टरांनी फोन उचलला आणि इस्पितळाची तारीख रद्द केली. फोन ठेवून त्या मावशीकडं वळल्या. "मी मागितलं आणि तुम्ही दिलं नाहीत."

"नाही दिलं."

"बरं केलंत."

या वेळी मावशीनं पावती दिली. हसली. थोडीच, पण हसली.

ज्या दिवशी दाढ निघायची होती, त्याच दिवशी लवंगी तपासायला आली. चौदा पायऱ्या धावत चढली, आजोबा मागं. हातात सफरचंद, अर्धं खाल्लेलं. बोलावण्याची वाट न बघता खुर्चीवर चढून बसली. टोपी जागच्या जागी. भोवतीची हिरडी गुलाबी.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "उतर."

लवंगी उतरली नाही. तिनं मावशीचा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि अंगठ्यावरची पट्टी सोडवायला लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा. आत अंगठा पांढराफटक आणि सुरकुतलेला.

"शिक्षा संपली," ती म्हणाली. मग भिंतीवरच्या खिळ्याकडं बोट केलं. "मार वारं."

"काय?"

"दाढेवर. मार."

आजोबा दारात थांबले. डॉक्टर बाजूला झाल्या. मावशीनं तोटी खिळ्यावरून काढली. अंगठा बटणावर ठेवला, पण तो दाबला जाईना. सात आठवड्यांत जे शिकवलं होतं ते अंगठा विसरायला तयार नव्हता.

"मार ना, मावशी!"

वाऱ्याची बाई नाही. मावशी. तिनं अंगठा दाबला.

फुस्स.

लवंगी डोळे ताणून बसली होती. वारं पोलादावर आपटलं, गालावर पसरलं. काही झालं नाही. तिनं वाट पाहिली. तरी काही झालं नाही. मग ती इतक्या मोठ्यानं ओरडली की खालचा चांभार हातोडा टाकून जिन्यात आला.

"परत!"

फुस्स.

"परत!"

मावशी तिसऱ्यांदा वारं मारत होती तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि हात मात्र जराही हलत नव्हता. चौथं वारं तिनं आजोबांच्या मिशीवर मारलं.